दुसरं कार्ड

"वहिनी, माझंपण घ्या हो शिक्का मारून. मी आलेच," असं म्हणत ऊर्मिलानं तिचं कार्ड माझ्या हातात कोंबलं आणि हॉटेलामागच्या मोरीकडे पळाली.

पळाली म्हणजे काय, सायकलचे ते खटखट वाजणारे बूट घालून जेवढं पळता येतं तेवढं. मी हसले. मला चांगलं आठवतं, मी हसले होते.

जानेवारीचे दिवस. सकाळी सहाला कराडातून निघालो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या आणि ब्रेक दाबायला बोटं वळत नव्हती. साडेअकरापर्यंत शंभर किलोमीटर झाले होते. आंबवण्याला, घाटाच्या पायथ्याशी, दुसरा थांबा होता. एक हॉटेल, म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी, आणि कढईसमोर बसलेल्या मावशी. बाहेर टेबल टाकून क्लबचा माणूस शिक्का घेऊन बसलेला. त्यानं दोन्ही कार्डांवर शिक्के मारले, वेळ लिहिली, सही केली. मी दोन्ही कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी जर्सीच्या मागच्या खिशात टाकली आणि मावशींकडं दोन चहा सांगितले.

हे कार्डाचं प्रकरण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ह्या राइडला पहिला-दुसरा नंबर नसतो. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, आणि वाटेत चार ठिकाणी थांबे. प्रत्येक थांब्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा. शेवटी सगळे शिक्के असलेलं कार्ड वेळेत जमा केलं तर तुम्ही राइड पूर्ण केली. कार्ड नसलं, तर तुम्ही रांगत आलात काय नि उडत आलात काय, धरत नाहीत. आणि नियम असा, की आपलं कार्ड आपणच सांभाळायचं. पण जोडीनं चालवणारे कोण एवढं पाळतात? एक पाणी भरतो, दुसरा शिक्के घेतो. सगळेच करतात. आम्हीही करत होतो.

ऊर्मिला माझी नणंद. तेव्हा चौतीस वर्षांची, माझ्याहून पाचानं लहान. दोन वर्षांपूर्वी सासर सोडून माहेरी आली होती. नवऱ्याचा हात चालायचा, म्हणून आली होती. पण आमच्या ह्यांच्या लेखी तेही तिनं अर्धवटच सोडलेलं. इंजिनिअरिंग दोन वर्षांत सोडलं, पुण्याची नोकरी आठ महिन्यांत सोडली, संसार सोडला, ही ह्यांची ठरलेली यादी. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणून दाखवायचे. ती मान खाली घालून जेवायची.

माहेरी आल्यावर तिला सायकलचं वेड लागलं. नुसतं चालवायचं नाही, खोलायचं, जोडायचं. पेठेतल्या दुकानात जाऊन दुरुस्ती शिकली. परसदारी चेन, टायर, ग्रीसचे डबे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. आणि मग गणपतीनंतर एके दिवशी जेवताना तिनं ह्या राइडचं नाव काढलं.

"तू?" हे म्हणाले. "दोनशे किलोमीटर? अगं, तू ताटातलं तरी कधी पूर्ण संपवतेस का?"

"ह्या वेळी करणार, दादा."

"कर. वेळेत पूर्ण करून दाखव, खालचा गाळा तुझा. टाक सायकलचं दुकान."

"खरं?"

"शब्द दिला."

मी भाकरी वाढत होते. माझा हात तिथंच थांबला.

तो गाळा मी अकरा वर्षं मागत होते. अकरा! घरात बसून लोकांचे ब्लाउज शिवत होते, पलंगाखाली कापडाचे गठ्ठे, शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दारात. झेरॉक्सवाला गाळा सोडून गेला त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. ह्यांना म्हटलं, "आता तरी?" हे म्हणाले, "बघू." आणि त्या बघूचं उत्तर असं जेवताजेवता निघालं, पैजेवर, जणू सुपारीचं खांड द्यावं तसं. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

वर आणखी मलाच तिच्यासोबत जायला लावलं. "एकटी बाई त्या डोंगरात जाणार नाही. वैजू, तू जा बरोबर." मला धड सायकल येत नव्हती! शाळेत असताना भावाची दांडीची चालवलेली तेवढीच. ऊर्मिलानं मला चार महिने शिकवलं. पहाटे साडेपाचला दार वाजवायची. "उठा वहिनी, थंडी पळून जाईल." गिअर कधी बदलायचा, चढावर श्वास कसा ठेवायचा, उतारावर मागचा ब्रेक आधी कसा धरायचा. मी पडले तेव्हा माझ्या गुडघ्यातली खडी तिनं चिमट्यानं काढली. खोटं कशाला बोलू, त्या पहाटा मला आवडायला लागल्या होत्या. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण माझ्यासाठी म्हणून कुणी दार वाजवलं नव्हतं.

तर, आंबवणे. चहा झाला, केळी खाल्ली, बाटल्या भरल्या आणि निघालो. पाचशे मीटर गेलो नसू, तोच ऊर्मिलाचं मागचं चाक बसलं. काटा.

"घ्या! घाटाच्या तोंडाशीच," ती सायकल उलटी करत म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा वहिनी. ट्यूब बदलते आणि येते. चढावर तुम्हाला गाठणारच मी."

"थांबते की मी."

"अंग गार पडेल तुमचं, मग पाय चालणार नाहीत. जा म्हणते ना! वाघजाईच्या देवळापाशी भेटू."

मी गेले. तिथवर माझ्या मनात काही नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं.

घाट दहा किलोमीटरचा. अरुंद रस्ता, एका बाजूला कारवीची झाडी, एका बाजूला दरी. सव्वा तास लागला मला. माथ्यावर वाघजाईचं लहानसं देऊळ आहे. तिथं सायकल टेकवली, चिक्की काढायला मागं हात घातला आणि पिशवी हाताला लागली. त्यात दोन कार्डं.

अगंबाई, म्हटलं, हिचं माझ्याकडंच राहिलं की! हीच पहिली गोष्ट मनात आली. मी दगडावर बसले, चिक्की खात. वर वारा असा, की कानात दडे बसत होते. पुण्याचा एक म्हातारा सायकलवाला थांबला. "सगळं ठीक ना ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "नणंदेची वाट बघतेय." तो गेला. मग मी एकटीच.

बसल्या बसल्या तिचं कार्ड उघडलं. वर तिचं नाव, तिच्याच अक्षरात. तीन शिक्के. सुटायचा, पहिल्या थांब्याचा, दुसऱ्या थांब्याचा. आणि खाली रिकामे चौकोन. मी त्या रिकाम्या चौकोनांकडं बघत राहिले आणि मला गाळा दिसायला लागला. त्याचं शटर, आतला ओटा, समोरच्या भिंतीवर मी मनातल्या मनात कधीच लावून ठेवलेला मोठा आरसा. आणि त्या आरशाच्या जागी टांगलेल्या सायकली. आणि दारात ग्रीसच्या हातानं उभी ऊर्मिला, जन्मभर. आमच्या घरात, आमच्या ताटात, ह्यांच्या तोंडी, जन्मभर.

खाली बघितलं. तिसऱ्या वळणावर तिचं पिवळं जाकीट दिसत होतं. उभी राहून पेडल मारत होती, झपाझप. पंधरा मिनिटांत वर आली असती.

मी पिशवी खिशात टाकली आणि निघाले.

वेळ नव्हता म्हणून गेले असं नाही. वेळ भरपूर होता. थंडी वाजत होती म्हणूनही नाही. मी तिला बघून गेले.

माथ्यावरनं सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, दहा किलोमीटर. पवनचक्क्यांची रांग, आणि त्यांच्या पुढं खळे गावच्या शाळेपाशी तिसरा थांबा. तिथं आमच्याच पेठेतले बागवानभाऊ शिक्का घेऊन बसले होते, कानाला मफलर बांधून.

"या वहिनी! आणि ऊर्मिलाताई?"

"मागं आहे. पंक्चर झालं होतं."

"येऊ द्या, येऊ द्या. तुमचं द्या कार्ड."

मी पिशवीत बोट घालून माझंच तेवढं ओढून काढलं. नुसतं म्हणायचं होतं, भाऊ, हिचं माझ्याकडं राहिलंय, आली की द्या. एवढं एकच वाक्य. ते ओठावर आलं होतं, असंही मी म्हणणार नाही. आलंच नव्हतं. मी शिक्का घेतला, पाणी प्यायले आणि पुढं निघाले.

पलीकडच्या उताराच्या अलीकडं फोन वाजला. पावणेदोन वाजले असतील. मी सायकल थांबवली.

"वहिनी, माझं कार्ड तुमच्याकडंच आहे ना?"

तिचा आवाज हसरा होता. तिला खात्रीच होती.

"नाही गं," मी म्हणाले. "तुला दिलं ना मी, चहा पिताना."

"मला?"

"मग! जाकिटात टाकलंस की तू."

"जाकिटात नाहीये, वहिनी. सगळं बघितलं. तुम्ही जरा तुमच्या खिशात बघा ना. प्लीज."

मी खिशात हात घातला. कशाला घातला कोण जाणे, ती काय बघत होती थोडीच. पिशवी हाताला लागली. थोडा वेळ तशीच धरून उभी राहिले.

"नाही बाई. माझं एकच आहे."

पलीकडनं बागवानभाऊंचा आवाज आला, "ताई, तुम्ही पुढं जा, क्लबचे सर बघतील काहीतरी." त्यावर ती त्यांना म्हणाली ते मला ऐकू आलं. "नको भाऊ. दादा म्हणेल, ओळखीवर केलं. मला पूर्ण करायचंय ते नीटच करायचंय." मग मला म्हणाली, "पंक्चर काढताना पडलं असेल, वहिनी. नाहीतर हॉटेलात राहिलं असेल. मी बघून येते."

"अगं, परत घाट उतरणार? चाळीस किलोमीटर वाढतील!"

"वाढू देत. तुम्ही थांबू नका हां. तुमचं तरी होऊ दे."

फोन बंद झाला. तुमचं तरी होऊ दे, म्हणाली. मला परत फोन लावता आला असता. थांब, सापडलं, पिशवीच्या तळाशी होतं, असं म्हणाले असते तर तिनं एक शब्द विचारला नसता, उलट आनंदानं ओरडली असती. मी नंबर काढलासुद्धा. आणि मग मनात आलं, आता म्हटलं तर खोटं बोलले हे दिसेल. झालं. एवढ्याशा लाजेनं मला पुढं ढकललं.

खाली उतरल्यावर उसाचा पट्टा लागतो. रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालू होतं. मी थांबले. तिथल्या बाईनं न मागता पेलाभर गरम काकवी हातावर ठेवली. "कुठनं आलासा एवढ्या थंडीचं? बसा शेकत." मी चुलाणापाशी बसले. चिपाडं टाकणारा गडी दुसरीकडं वळला तेव्हा मी पिशवीतलं दुसरं कार्ड काढून जाळात टाकलं. जाड कागद, जरा वेळ तसाच राहिला, मग कडेनं काळा पडत गेला. बाई विचारत होती, आणखी देऊ का. मी म्हटलं, द्या. आणि प्यायले. गोड लागली. हेही सांगायला हवं.

पावणेसातला मी कराडात पोचले. हे थर्मास घेऊन उभे होते. क्लबच्या देशमाने सरांनी माझ्या गळ्यात पदक घातलं, टाळ्या झाल्या. हे म्हणाले, "कमाल केलीस गं वैजू! आणि आमचं ध्यान कुठंय?"

मी सांगितलं, कार्ड हरवलं म्हणून मागं गेलीय.

"हरवलं!" हे मांडीवर थाप मारून हसले. "मला वाटलंच होतं. काहीतरी होणारच होतं."

साडेसात वाजले. मुदत संपली. सगळे आवरायला लागले, टेबलं उचलली, बॅनर सोडला. सव्वाआठला रस्त्यावर एक दिवा दिसला. ऊर्मिला आली. दोनशे चाळीस किलोमीटर चालवून आली. ओठ फुटलेले, नाक लाल, हाताची बोटं हँडलवरनं सुटेनात, देशमाने सरांनी एकेक करून सोडवली. कार्ड मिळणार नाही हे आंबवण्यालाच कळलं होतं तिला. तिथनं टेम्पोत सायकल टाकून यायचं, तर ती पुन्हा घाट चढून, सगळे थांबे करून आली होती.

"मग, हरवलंस ना?" हे म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग ह्यांना म्हणाली, "हो दादा. माझाच वेंधळेपणा."

"गाळा गेला हातचा!"

"गेला," ती म्हणाली.

ज्या आवाजात ती बोलली, त्यावरनं मला कळलं, हिला माहीत आहे.

घरी आलो. जेवणं झाली. मी आडवी व्हायला गेले तर पोटरीत असा गोळा आला, की मी ओरडले. हे हॉलमध्ये टीव्हीपुढं. ऊर्मिला आत आली, खाली बसली, माझं पाऊल धरलं, अंगठा माझ्याकडं दाबला. तिनंच शिकवलेलं, गोळा आला की असं करायचं. हळूहळू पोटरी सैल झाली. तिनं पाऊल सोडलं नाही.

"आंबवण्याच्या मावशींनी सांगितलं मला," ती हळूच म्हणाली. "म्हणाल्या, त्या दुसऱ्या ताईंनी दोन्ही कार्डं पिशवीत घातली, मी समोरच भजी तळत होते."

मी छताकडं बघत राहिले.

"दादाला सांगणार नाही मी. फक्त एक विचारते. दमला होतात ना वहिनी? लक्षातच आलं नाही ना तुमच्या?"

तिनं स्वतःच मला वाट करून दिली होती. आणि तिला खरं हवं होतं. दोन्ही मला कळत होतं. त्या वेळी मी उठून बसायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, नाही गं, मी जाळलं. मला गाळा हवा होता. तुझ्या भावानं मला अकरा वर्षांत जे दिलं नाही ते तुला एका घासात दिलं, त्याचा राग मी तुझ्यावर काढला. तिला ते समजलं असतं. त्या घरात ते समजणारी ती एकटीच होती.

"हो गं," मी म्हणाले. "फार दमले होते."

"बरं," ती म्हणाली. माझं पाऊल तिनं चादरीवर ठेवलं, वर गोधडी ओढली आणि दिवा मालवून गेली.

पंधरा दिवसांत ती नाशिकला निघून गेली. कुठल्याशा सायकलच्या दुकानात कामाला लागली, मग स्वतःचं टाकलं. आता तिच्या हाताखाली चार माणसं आहेत म्हणे. गाळा मला मिळाला. समोरच्या भिंतीवर आरसा लावला, मनात होता तेवढाच मोठा. चांगलं चालतं. ह्यांना मात्र ती गोष्ट पुरून उरलीय. पाहुणे आले, की "आमच्या ऊर्मीनं एकदा..." असं सुरू होतं, आणि सगळे हसतात. दोनशे चाळीस किलोमीटर चालवून आलेली बाई आमच्या घरात अजून अर्धवट आहे, आणि एकशेवीसाव्या किलोमीटरलाच जिचं सगळं संपलं, तिचं पदक शोकेसमध्ये आहे. मी चहा आणते, कप गोळा करते.

ऊर्मिला भाऊबीजेला येते. मला साडी आणते. "बऱ्या आहात ना वहिनी?" म्हणते, वाकून नमस्कार करते. भांडण नाही, अबोला नाही. ह्याला बारा वर्षं झाली. मला वाटायला लागलं होतं, विसरली असेल. किंवा पटलं असेल तिला, की मी दमले होते.

गेल्या वैशाखात इस्लामपूरला चुलत पुतण्याचं लग्न होतं. मांडवात आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो, मी आणि ती. पलीकडं मुलीकडची कुणी बाई होती, ना तिला ओळखणारी, ना मला. अक्षता झाल्या. ऊर्मिलाच्या साडीवर कुणाचं तरी सरबत सांडलं, ती धुवायला उठली. हातात पर्स, फोन आणि सुटलेला गजरा. बायका अशा वेळी काय करतात? शेजारच्या घरच्या बाईकडं देतात, न बघता. मी हात पुढं केला होता. "दे, मी धरते."

"असू द्या वहिनी," ती हसून म्हणाली. मग पलीकडं वळून त्या बाईला म्हणाली, "ताई, एवढं जरा सांभाळता का? दोन मिनिटांत आले."

त्या बाईनं पर्स मांडीवर घेतली आणि फोन तिच्यावर नीट ठेवला. माझा हात अजून पुढंच होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"